बराबर का?

दैवशालाच्या माहेरी अजून सांगतात की पोरगी जन्माला आली ती आवाजासकट नाही, आवाज आधी आला आणि मागून पोरगी आली. जाफराबादकडच्या त्या शेतात ती विहिरीपाशी बोलली की पलीकडच्या बांधावरचे बगळे उठायचे. बाप हातातलं काम टाकून धावत यायचा, "काय झालं? काय झालं?" काहीच झालेलं नसायचं. भाकरीसोबत ठेचा द्यायला आई विसरली, एवढंच ती सांगत असायची. चुलते तिला 'भोंगा' म्हणत.

लग्न होऊन ती जुन्या जालन्यात आली. तिथली गल्ली अशी की एका घरात फोडणी दिली की समोरच्या घरात शिंक येते. सासूबाई पुष्पाबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "हळू बोल गं बाई. आपल्या घरात काय भाजी केली ते खालच्या कापड दुकानातल्या गिऱ्हाइकाला कळून राह्यलं." दैवशाला 'बरं' म्हणाली. तेही खालच्या गिऱ्हाइकाला कळलं.

शाळेत मात्र या आवाजाचं सोनं झालं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागली, तेव्हा तिच्या वर्गासोबत शेजारचा वर्गही शिकायचा. शेजारचे सर फक्त हजेरी घ्यायचे, बाकीचं भिंतीतून येत होतं.

मग तिची निवड झाली विषय साधनव्यक्ती म्हणून. साधनव्यक्ती म्हणजे शिक्षकांना शिकवणारी शिक्षिका, पण हे शिक्षकांच्या तोंडावर म्हणायचं नसतं. भोकरदन तालुक्यातल्या शाळांमध्ये जायचं, वर्गात मागं बसायचं, शिकवणं बघायचं आणि नंतर असं काही बोलायचं की शिक्षक सुधारला पाहिजे आणि रागावलाही नाही पाहिजे. साप मरावा आणि काठीही मोडू नये असं लोक म्हणतात. या नोकरीत सापालासुद्धा वाईट वाटता कामा नये.

त्यासाठी संभाजीनगरला प्रशिक्षण झालं. तिथल्या बाईंनी विश्वास जिंकायच्या तीन युक्त्या सांगितल्या. आवाज हळू ठेवा, मोठ्या आवाजाची माणसाला भीती वाटते. शिक्षकाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसतो तो साहेब, शेजारी बसतो तो मित्र. आणि तिसरी, आधी दोन गोड बोला, मग एक तिखट. दैवशालाला दुसरी आणि तिसरी सोपी गेली. पहिलीसाठी तिनं घरी आरशासमोर इतका सराव केला की पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नाही म्हटल्यावर त्यांनी मारुतीला नारळ फोडला.

अशी ही दैवशाला रोज सकाळच्या बसनं भोकरदनला उतरायची, तिथं ओळखीच्यांकडे ठेवलेली स्कूटी काढायची आणि गावोगाव फिरायची. 'साधनव्यक्ती' हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना. त्यातली व्यक्ती गळून जायची आणि साधन उरायचं. "साधन आलं, साधन आलं," असं म्हणत मास्तर लोक चहाचे कप खिडकीत लपवायचे.

खडकवाडीच्या शाळेत ती पहिल्यांदा गेली तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या बेबीनंदानं तिच्या पिशवीत वाकून बघितलं. "काय साधन आणलं मॅडम? कागद की खेळणी?"

"काहीच न्हाई. साधन म्हणजे मीच."

बेबीनंदानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मंग बसा."

खडकवाडीला तिसरी-चौथीचा वर्ग पुंजाराम गुरुजींकडे होता. उंच, किडकिडीत माणूस, सदरा कायम पांढरा, फळ्यावरचं अक्षर असं की पुसायला हात धजू नये. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. वर्गात त्यांचा ओरडा नाही, छडी नाही, पोरं मजेत. दैवशालाला वाटलं, इथं आपलं काय काम?

तेवढ्यात मोनाली नावाची चुणचुणीत पोरगी वाचायला उभी राहिली. पुस्तकात ओळ होती, 'आईने ताक घुसळले'. मोनालीनं खणखणीत वाचलं, "आईने नाक घुसळले."

"बराबर," गुरुजी म्हणाले. "बस."

दैवशालानं कान टवकारले. पुढच्या पोरानं पाच साते सदतीस सांगितले. "बराबर. बस." एकानं तर नुसतीच जांभई दिली, तीही बराबर निघाली.

वर्ग सुटल्यावर ती गुरुजींच्या शेजारी बाकावर बसली, अगदी खांद्याला खांदा. आवाज उतरवला, इतका की आपलं आपल्यालाच ऐकू येऊ नये. "गुरुजी, पोरं तुम्हाला भीत न्हाईत, हे मला फार आवडलं."

"बराबर," गुरुजी समोर बघत म्हणाले.

"अक्षर तर मोत्यासारखं आहे तुमचं."

"बराबर."

स्वतःच्या स्तुतीला इतकी निर्मळ संमती देणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला. मग ती तिखटाकडे वळली. "एक सुचवू का? पोरगं चुकलं तरी आपण बराबर म्हणतो. त्यानं चूक तशीच पक्की होते."

"बराबर, बराबर," गुरुजी हसले. खिशातून एक पुडी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. आत ज्येष्ठमधाची कांडी होती.

दैवशाला घरी येईपर्यंत त्या कांडीचा अर्थ लावत राहिली. शेवटी तिला लागला तो असा: बाई, तोंड जरा गोड करून येत जा.

दुसऱ्या भेटीत तेच. मोनालीनं विहिरीला बहिरी वाचलं, तेही बराबर. दैवशालानं आवाज आणखी उतरवला, आणखी जवळ सरकून बसली. गुरुजींनी पुन्हा ज्येष्ठमध दिला, या वेळी जरा मोठी पुडी. त्यांच्या नजरेत तिला दया दिसली आणि त्या दयेनं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मराठवाड्यात 'बराबर' शब्दाचे अर्थ कमी नाहीत. खरं आहे, मान्य आहे, पुरे झालं, आता निघा, सगळं त्यात बसतं. आपल्या वाट्याला शेवटचा आला आहे, अशी तिची खात्री झाली.

तिसऱ्या भेटीत ती सगळी युक्ती-बिक्ती विसरली. आवाज तेवढा हळूच राहिला, सवयीनं. "गुरुजी, खरं सांगा. माझं येणं तुम्हाला आवडत न्हाई ना?"

गुरुजींनी मायेनं मान हलवली. "बराबर."

त्या दिवशी भोकरदनपर्यंत ती रडत स्कूटी चालवत गेली. डोळ्यांत धूळ गेली, असं तिनं स्टँडवर सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

यात धर्मराज साहेब आले. ते विस्तार अधिकारी, माणूस वाईट नव्हता, पण पुंजाराम गुरुजींचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. बैठकीत त्यांनी सरळ विचारलं, "खडकवाडीची तिसरी-चौथी वाचते का?"

दैवशालाला खोटं बोलता येत नसे. ती म्हणाली, "चुका फार होतात, सर. गुरुजी दुरुस्त करत न्हाईत."

"मला ठाऊकच होतं. लई ताठा आहे त्या माणसाला," साहेब म्हणाले. "येत्या गुरुवारी मी स्वतः येतो. वर्ग असाच असला तर नोटीस काढतो आणि वर्ग काढून घेतो."

बैठकीतून निघाली तरी दैवशाला तेच घोळवत होती. आपल्या एका वाक्यानं एक म्हातारा माणूस निवृत्तीच्या तोंडावर नोटीस घेऊन घरी जाणार. आणि न बोलावं तर मोनालीची आई जन्मभर नाक घुसळणार. तिला गुरुजींचा राग होता, पण एवढं वाईट तिनं त्यांचं कधी चिंतलं नव्हतं. गुरुवारच्या आत एकदा त्यांच्याशी नीट बोलायचं, त्यांनी हाकललं तरी बोलायचं, असं ठरवून ती मंगळवारी खडकवाडीला निघाली.

शाळेच्या फाटकाशी तिनं स्कूटी लावली. मधली सुट्टी होती. गुरुजी मैदानाच्या कडेला चिंचेच्या रोपाला पाणी घालत वाकले होते, पाठ फाटकाकडे. आणि त्यांच्या मागून गावाचा मोकाट वळू, मान खाली घालून, त्या पांढऱ्या सदऱ्याचा अंदाज घेत येत होता.

संभाजीनगरचं प्रशिक्षण त्या क्षणी संपलं. दैवशालाच्या पोटातून माहेरचा आवाज निघाला.

"गुरुजीऽऽ! मागं वळूऽऽ!"

गुरुजी वाकलेलेच राहून ओरडले, "कशाला वळू?"

"अहो, वळूऽऽ! मागं! वळा मागं, वळू आहे वळूऽऽ!"

"वळू की नको वळू, एक काय ते सांगा!" असं म्हणत गुरुजी वैतागून वळले, आणि वळूशी त्यांची नजरानजर झाली. या वयात त्यांनी मारलेली ती उडी खडकवाडीची पोरं अजून करून दाखवतात. वळूला फक्त बादली मिळाली. ती शिंगाला अडकवून तो डौलात निघून गेला.

दैवशाला धावत आली तेव्हा गुरुजी ओट्यावर चढून उभे होते. धापा टाकत होते, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. आनंद होता. कुणीतरी दुखण्यातून उठल्यावर होतो तसला.

"मॅडम! घसा बरा झाला तुमचा?"

"माझ्या घशाला काय झाल्तं?" दैवशाला त्याच आवाजात म्हणाली.

"काय झाल्तं म्हंजे? मी पहिल्या दिवसापासून बघून राह्यलो. नुसते ओठ हलून राह्यले, आवाज म्हणून न्हाई. मी म्हणलं, एवढी चांगली बाई, आणि कंठ गेला बिचारीचा. पुन्हा काय बोलल्या असं इचारावं तर तुम्हाला लाज वाटंल. म्हणून आपलं बराबर, बराबर म्हणत गेल्तो." त्यांनी समाधानानं मान डोलावली. "ज्येष्ठमध लागू पडला बघा."

दैवशाला ओट्याच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेव्हाच तिला कळलं की मागच्या तीन भेटींत या माणसानं तिचा एक शब्दही ऐकलेला नाही. शेजारी बसल्यामुळे ओठ नीट वाचता आले नाहीत, हळू बोलल्यामुळे आवाज पोचला नाही. विश्वासाच्या तिन्ही युक्त्या तिनं इमानानं वापरल्या होत्या आणि त्यांनीच मिळून माणूस बंद करून टाकला होता.

ती उठून त्यांच्या समोर उभी राहिली. "गुरुजी, मोनालीनं त्या दिवशी काय वाचलं होतं?"

"आईने ताक घुसळले."

"तिनं 'नाक घुसळले' वाचलं. तुम्ही बराबर म्हणलात."

गुरुजींचा चेहरा उतरला. ते ओट्यावरून खाली उतरले. मग म्हणाले, "पुस्तक माझ्या हातात असतंय. वळी मला तोंडपाठ. पोराचे ओठ हलले की मला पुस्तकातलंच ऐकू येतं. मोठ्या माणसांचं समजतं अजून, पोरांचे आवाज बारीक, ते आधी गेले. एकदा एका पोराला तीनदा 'काय? काय?' इचारलं, तर ते रडायला लागलं. त्याला वाटलं, चुकलं. त्याचं बराबर होतं, मॅडम. मला ऐकू आलं न्हाई. तव्हापासून कुणाला परत इचारलं न्हाई."

दैवशालाला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

"कुणाला सांगू नका," गुरुजी म्हणाले. "एकच वर्ष राह्यलं. बहिरा मास्तर म्हणून निरोप नको मला."

"तुम्हाला ऐकू येत न्हाई हे मी कुणाला म्हणजे कुणाला सांगणार न्हाई!" दैवशालानं शब्द दिला, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

स्वयंपाकाच्या खोलीतून बेबीनंदा पळी घेऊन बाहेर आली. "आता सांगायचं कोण राह्यलं? अख्ख्या गावाला ठावं हाय ते. दोन वर्षं झाली."

"मंग मला कुणी बोललं का न्हाई?" गुरुजी थक्क होऊन म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

गाव गुरुजींना जपत होतं, गुरुजी पोरांना आणि मॅडमच्या घशाला जपत होते, दैवशाला गुरुजींच्या मानाला जपत होती. सगळे एकमेकांना इतके जपत होते की खरं बोलायला कुणी मोकळं नव्हतं, आणि त्यात मोनालीचं मात्र ताकाचं नाक झालं होतं.

"गुरुवारी साहेब येणार आहेत. माझ्याच बोलण्यामुळं," दैवशालानं सांगून टाकलं. गुरुजी रागावतील म्हणून ती थांबली.

गुरुजी म्हणाले, "खरं तेच बोलल्या ना? मंग आता पुढचं बोला. तुम्ही साधन. काय साधन हाय तुमच्याकडं?"

दैवशालानं विचार केला. या वयात नवी पद्धत नको, आणि पोरांना भीतीही नको. मग तिला ते सुचलं आणि ती स्वतःशीच हसली. "तुमचं 'बराबर' सोडू नका, गुरुजी. त्याला फक्त एक 'का' लावा."

सुट्टी संपल्यावर लगेच करून बघितलं. वाचणाऱ्यानं गुरुजींकडे तोंड करून उभं राहायचं, बाकीच्यांनी बोट ओळीवर ठेवायचं. मोनाली उठली. "आईने नाक घुसळले."

"बराबर का?" गुरुजींनी वर्गाला विचारलं.

पोरं गोंधळली. इतक्या दिवसांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मग मागून एक आवाज आला, त्याच्यात दुसरा मिसळला आणि सगळा वर्ग गरजला, "न्हाऽऽई!" हा आवाज गुरुजींना स्पष्ट ऐकू आला. ते असे दचकले की पुस्तक पडलं. मोनालीनं ओळ पुन्हा बघितली, बोट अक्षरावर ठेवलं आणि "ताक!" म्हणून स्वतःच खो खो हसली. गुरुजी वर्गाला पाठमोरे झाले आणि उगाच फळा पुसू लागले.

बुधवारी तेच झालं. पोरांना तर चटकच लागली. बेबीनंदा म्हणाली, "खिचडी झाली," तर वर्गातून आवाज, "बराबर!" गुरुवारी धर्मराज साहेब आले, तेव्हा दैवशाला मागं दाराशी बसली होती. साहेबांनी पोरांकडून वाचून घेतलं. कुणी चुकलं की वर्ग गरजायचा, चुकलेलं पोरगं हसत पुन्हा वाचायचं. साहेबांची आठी अर्धी सुटली. खूश होऊन ते फळ्यापाशी गेले आणि पाठ वर्गाकडे ठेवून भाषणच करायला लागले. "छान. पण पाढेसुद्धा पक्के पाहिजेत. झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे, सात नवे चौसष्ट."

गुरुजींना एवढंच कळलं की कुणीतरी काहीतरी म्हणून थांबलं. सवयीनं ते वर्गाकडे वळले. "बराबर का?"

"न्हाऽऽऽई! त्रेसष्ट!"

साहेब गर्रकन वळले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, अर्थात गुरुजी सोडून सगळ्यांना. साहेबांनी गुरुजींकडे बघितलं, मग त्यांच्या ध्यानात काहीतरी आलं. ते दैवशालाजवळ येऊन हळूच म्हणाले, "यांना ऐकू येत नाही का?"

दैवशाला जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. खोटं तिला येत नव्हतं आणि खरं तिचं नव्हतं. ओठ घट्ट मिटून ती खाली बघत राहिली. गुरुजी पलीकडून तेच मिटलेले ओठ बघत होते. साहेबांनी काय विचारलं ते त्यांना त्या ओठांवरून कळलं.

ते पुढं आले. "साहेब, त्या सांगणार न्हाईत. मी सांगतो. मला कमी ऐकू येतं. लई दिवस झाले. तुमचं काय कारवाईचं आसंल ते करा, पण मॅडमला काही म्हणू नका."

धर्मराज साहेब त्यांच्या पुढ्यात आले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ऐकूच येत न्हाई? अहो, तीन वर्षं झाली, भोकरदनच्या बाजारात मी मोटारसायकलवरून 'नमस्कार गुरुजी' म्हणतो आणि तुम्ही तोंड फिरवून निघून जाता. मी घरी जाऊन बायकोला सांगतो, काय घमेंड आहे या माणसाला!"

"काय म्हणले?" गुरुजींनी दैवशालाला विचारलं.

"नमस्कार म्हणले!" दैवशाला इतक्या जोरात म्हणाली की मैदानातले बगळे उठले.

"नमस्कार, नमस्कार," गुरुजींनी लगबगीनं हात जोडले. साहेबांनीही जोडले. नोटिशीचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट, जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी कोणत्या वारी असते हे साहेबांनीच विचारून कळवलं.

दिवाळीनंतर दैवशाला खडकवाडीला गेली. गुरुजींच्या कानामागं एक छोटं मशीन होतं. पोरं हसतील ही त्यांची भीती फुकट गेली होती, कारण ज्यानं पाढा चुकवला नाही त्याला शनिवारी ते मशीन कानाला लावून बघायला मिळायचं. दैवशालानं नेहमीप्रमाणे दारातूनच आवाज दिला, तसे गुरुजी कान धरून म्हणाले, "हळू, मॅडम, हळू! आता मलाच ज्येष्ठमध लागंल."

ती हसली आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसली. मग, का कोण जाणे, तो जुना प्रश्न तिच्या तोंडात आला. तिनं तो विचारला, पहिल्यासारखाच, अगदी हळू. "गुरुजी, माझं येणं तुम्हाला आवडत न्हाई ना?"

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न ते पहिल्यांदा ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की तो आधी कधी विचारला गेला असावा आणि आपण काय उत्तर दिलं असावं, याचा हिशेब त्यांनी केला होता. ते उठले आणि वर्गाकडे वळले.

"पोरांनो, मॅडमचं येणं आपल्याला आवडत न्हाई. बराबर का?"

उत्तर आलं ते खालच्या आळीपर्यंत गेलं. बेबीनंदा पळी घेऊन बाहेर आली, काय झालं म्हणून.